पाणी चढलं-उतरलं की नदीतला मस्की मासा शोधायचा कुठे?

काठावरचा: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची चिपेवा नदी, आणि गळाला हवाय मस्की, म्हणजे मोठा शिकारी मासा. पावसानंतर पाणी दोन फूट चढलं, गढूळ झालं की नेहमीच्या डोहांत काहीच लागत नाही. ओसरताना तेच रडगाणं. मासा जातो कुठे? लूर (नकली आमिष) बदलायचा का?

डोहकर: आधी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) गेजचा, म्हणजे पाणीपातळी मोजणाऱ्या यंत्राचा आलेख उघडा. पाणी किती फूट आहे यापेक्षा रेघ वर चाललीय की खाली, ते बघा. चिपेवावर धरणं आहेत, त्यामुळे आभाळ कोरडं असतानाही पाणी हलतं.

चढत्या पाण्यात मस्की मुख्य धार सोडतो. धारेशी झुंजत बसणं त्याला परवडत नाही, आणि छोटे मासेही काठालाच आलेले असतात. बुडालेलं गवत, वळणाची आतली बाजू, बेटाच्या खालच्या टोकामागचं संथ पाणी, ओढ्याचं तोंड. दोन-तीन फुटांतही तो उभा असतो, आणि आपण होडी नेमकी त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवतो! होडी बाहेर धारेत, फेक काठाकडे. धार आणि संथ पाणी जिथे घासतात तिथे फेसाची, काड्यांची रेघ दिसते. लूर त्या रेघेतून तिरका काढा.

पाणी उतरायला लागलं की तो उथळ जागा लवकर सोडतो. मग बाहेरच्या वळणाचे डोह आणि आडवे पडलेले ओंडके.

दहानंबरी: गढुळात दहा नंबरच्या (मोठ्या) दोन गोलसर कोलोरॅडो पात्यांचा बकटेल, म्हणजे केसाळ शेपटीचा लूर, काळा किंवा भडक नारिंगी. पाती जेमतेम फिरत राहतील इतकाच वेग. मासा नजरेपेक्षा अंगाला जाणवणाऱ्या पाण्यातल्या थरथरीने माग काढतो, म्हणून एकाच ओंडक्यावर तीन-चार फेकी टाका. मागे आलेला मासा दिसणारच नाही, तेव्हा प्रत्येक फेकीच्या शेवटी रॉडचं टोक फूटभर बुडवून लूरने पाण्यातच मोठ्या वळणांचा इंग्रजी आठ (8) काढा. लहान वळण घेतलंत तर एवढ्या लांब माशाला वळताच येत नाही. नितळ पाण्यात उलट: लहान लूर, जास्त वेग, लांब फेक. ८० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि १०० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (लूरजवळचा मजबूत दोरा) दोन्हीकडे चालतो.

काठावरचा: आणि उन्हाळ्यात पाणी अगदीच आटलं तर?

डोहकर: थर्मामीटर टाका, तोही दुपारी, सकाळचा आकडा फसवतो. ८० फॅरनहाइटच्या आसपास गेलं की रॉड गुंडाळा. सोडलेला मासा पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. थंड झऱ्याच्या तोंडाशी ते गोळा होतात खरे, पण जीव वाचवायला. तिथे गळ टाकू नका.