जर्मनीतील 3,500 युरो आणि रबाळ्यातील 58,000 रुपये: तुलना नेमकी कशी करावी?

घोडबंदरकर

मी नवी मुंबईतील रबाळे एमआयडीसीमधील एका कारखान्यात विद्युत देखभाल विभागात पर्यवेक्षक आहे. कागदावर सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरील वर्षाचा एकूण खर्च, साडेआठ लाखांची असली, तरी दरमहा हातात 58,000 रुपये पडतात. आठवड्याचे सहा दिवस आणि रोजचे आठ तास ठरलेले आहेत. परंतु संध्याकाळी एखादा पॅनल ट्रिप झाला, की तो चालू होईपर्यंत निघता येत नाही आणि माझ्या हुद्द्याला ओव्हरटाइमही मिळत नाही. ठाण्यातील कासारवडवलीहून जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचले, तर किती जातील हे सांगता येत नाही.

श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावातील कंपनीने मला 3,500 युरो ग्रॉस, म्हणजे कपातीपूर्वीचा, मासिक पगार, आठवड्याला 38 तास काम आणि वर्षाला 30 दिवस भरपगारी रजा अशी लेखी ऑफर दिली आहे. पत्नी ठाण्यात एका खाजगी शाळेत शिक्षिका असून तिचा पगार 30,000 रुपये आहे. मुलगी पाच वर्षांची आहे, आई आमच्याकडेच असते आणि घराचा हप्ता 24,000 रुपये आहे.

तासांचा हिशेब मी असा मांडला आहे. येथे 52 रविवार, 9 सुट्ट्या आणि 15 रजा वगळल्या, तर 289 दिवस म्हणजे 2,312 तास होतात. तिकडे शनिवार-रविवार, रजा आणि कामाच्या वारी येणाऱ्या साधारण 10 सार्वजनिक सुट्ट्या वगळल्या, तर 221 दिवस म्हणजे जेमतेम 1,680 तास होतात. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या आकडेवारीत तर जर्मनीची सरासरी वर्षाला 1,340 तासांच्या आसपास दिसते. युरो शंभर रुपयांचा धरला, तर पगार साडेतीन लाख होतो. सासरेबुवा म्हणतात, डोळे झाकून जा. मला मात्र हा हिशेब इतका सरळ वाटत नाही. तो कोठे चुकतो आहे?

नेकारकाठचा ठाणेकर

मी मूळचा नौपाड्याचा असून गेली काही वर्षे श्टुटगार्टच्याच भागात नोकरी करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे 3,500 युरो हातात येत नाहीत. पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी आणि वृद्धापकाळातील शुश्रूषा या चार विम्यांपोटी पगाराचा एकपंचमांशाहून अधिक भाग आधीच कापला जातो आणि त्यानंतर आयकर लागतो. एकट्या माणसाला, म्हणजे करवर्ग 1 मध्ये, साधारण 2,300 युरो उरतात. विवाहितांसाठीचा करवर्ग 3 मिळाला, तर त्यात सुमारे 300 युरोंची भर पडते. मात्र त्यासाठी जोडीदाराचे वास्तव्य जर्मनीत किंवा युरोपीय संघातील देशात असावे लागते. पत्नी कासारवडवलीला राहिली, तर लग्न झालेले असूनही तुम्ही करवर्ग 1 मध्येच राहाल. मुलांसाठीचा सरकारी भत्ता 2026 पासून दरमहा 259 युरो आहे. मुलगी भारतात असेल, तर तोही तुम्हाला मिळणार नाही.

आता खर्च पाहा. एका खोलीचे घर हीटिंगसह 700 ते 750 युरोंना मिळते. कुटुंबासाठी हजार-बाराशे धरा. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी मागता येते आणि घरमालक बहुधा तेवढीच मागतात. देशभरातील बस आणि लोकलचा पास 63 युरो आहे. घरात टीव्ही नसला, तरी प्रत्येक घराला दरमहा 18.36 युरो प्रसारण शुल्क भरावेच लागते, याचा मला अजूनही राग येतो. एकटा माणूस काटकसरीने राहिला, तर महिन्याला हजार युरो बाजूला पडू शकतात. कुटुंबासह राहिलात, तर सुरुवातीची दोन वर्षे चारशे-पाचशे युरो उरले तरी पुष्कळ झाले, आणि त्यातून पत्नीचे बुडालेले 30,000 रुपये वजा करावे लागतील. ठाण्यातील हप्ता आणि आईंचा खर्च तर तसाच राहणार आहे.

तासांबद्दल सांगायचे, तर 1,340 हा आकडा तुमच्यासाठी निरुपयोगी आहे. जर्मनीत अर्धवेळ नोकरी करणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, प्रमाण मोठे आहे आणि सरासरी त्यामुळे खाली येते. तुमचे 1,680 तासच खरे धरा. मात्र हे तास पाळले जातात. कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे. सहा महिन्यांत सरासरी आठवर येणार असेल, तर ती दहापर्यंत वाढवता येते. दोन पाळ्यांमध्ये सलग 11 तासांची विश्रांती बंधनकारक आहे. रात्री अकराला ब्रेकडाउन संपवून सकाळी सातला हजर राहा, असे येथे सांगता येत नाही.

ऐरोली पेरोल

वरील प्रतिसादाला थोडी पुरवणी जोडतो, कारण पगारपत्रके तयार करणे हेच माझे काम आहे.

आपल्याकडील सीटीसी आणि तिकडचा ग्रॉस हे एकमेकांशेजारी ठेवण्याचे आकडेच नव्हेत. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते आणि बहुतेक ठिकाणी गटविम्याचा हप्ताही असतो. जर्मन ग्रॉसमध्ये मालकाचा वाटा मुळीच धरलेला नसतो. तो पगाराच्या वर, सुमारे 20 ते 22 टक्के, वेगळा भरला जातो. तुमच्या ऑफरची सीटीसी आपल्या पद्धतीने काढली, तर ती 4,200 युरोंच्या पुढे जाईल. उलट बाजूने, नव्या करप्रणालीत 12.75 लाखांपर्यंतच्या वेतनावर आयकर लागत नाही, म्हणून तुमची येथील कपात पीएफ आणि व्यवसाय कर एवढ्यापुरतीच आहे. तिकडे ती सवय मोडेल.

ओव्हरटाइमविषयी बरेच गैरसमज आहेत. 1948 च्या कारखाने अधिनियमात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि जादा तासांना दुप्पट दर होता, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांतही दुप्पट दर कायम आहे. परंतु तो ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. पर्यवेक्षकाच्या हुद्द्यावर असून दरमहा 18,000 रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणारा त्या व्याख्येबाहेर पडतो. बढती देताना पदनामात ‘सुपरवायझर’ का घातले जाते, हे रबाळे-महापेच्या पट्ट्यातील कोणत्याही फिटरला विचारा.

आजारपणाचा मुद्दाही कोणी काढलेला दिसत नाही. जर्मनीत आजारी पडल्यास सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो आणि त्यानंतर आरोग्य विमा निधीकडून भत्ता सुरू होतो. आपल्याकडे ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, वेतनमर्यादा दरमहा 21,000 असल्यामुळे तुम्ही तिच्याबाहेर आहात. शिल्लक रजा संपली, की बिनपगारी.

वाशी सेक्टर सतरा

मूळ प्रश्न तुलनेच्या पद्धतीचा होता, त्यावर लिहितो.

हातात येणारी रक्कम तासांनी भागली, तर येथे ताशी सुमारे 300 रुपये आणि तिकडे ताशी साधारण साडेसोळा युरो पडतात. बाजारभावाने हा फरक साडेपाच पट दिसतो. जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या आकड्यांवरून पाहिले, तर वस्तू आणि सेवा विकत घेण्याच्या दृष्टीने एक युरो सुमारे 30 रुपयांच्या तोडीचा ठरतो, आणि मग तोच फरक दीड पटीवर येतो. या दोन दरांपैकी कोणता वापरायचा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, परंतु दोन्ही दर एकाच पगाराच्या वेगवेगळ्या भागांना लागू होतात. जो युरो तुम्ही तिकडे भाड्यात, भाजीत आणि केस कापण्यात घालवता, त्याची किंमत तीस रुपये. जो तुम्ही ठाण्याच्या हप्त्यासाठी पाठवता, त्याची शंभर. म्हणून सगळा पगार एका दराने गुणणे सोडून द्यावे आणि शिल्लक किती पाठवणार, हे आधी ठरवावे.

तुमच्या बाबतीत यातूनच पेच निर्माण होतो. एकटे गेलात, तर शंभर रुपयांच्या दराने मोजायची रक्कम मोठी राहील, पण वाचलेले तास मुलीसोबत घालवता येणार नाहीत. सहकुटुंब गेलात, तर तास मिळतील आणि पाठवायला फारसे उरणार नाही. मोकळा झालेला सगळा वेळ विश्रांतीचा असेल, असेही समजू नये. येथे धुणी-भांडी आणि पोळ्या करायला बाई येत असेल, तर तिकडे ते सर्व तुम्हा दोघांना करावे लागेल, आणि रविवारी दुकाने बंद असल्यामुळे शनिवारचा अर्धा दिवस खरेदीतच जाईल. तरीही रोजचे तीन तासांचे प्रवास संपणे ही मोठी गोष्ट आहे. ते 289 दिवसांत 867 तास होतात आणि त्यांचा पगार तुम्हाला आजही कोणी देत नाही.

घोडबंदरकर

आपणा सर्वांचा आभारी आहे. करवर्ग आणि मुलांचा भत्ता कुटुंबाच्या वास्तव्यावर अवलंबून असतो, हे एजंटने एका शब्दानेही सांगितले नव्हते. त्याने दिलेल्या तक्त्यात मी एकटा जाणार असे लिहून वर करवर्ग 3 चा पगार दाखवला आहे. पत्नीचे म्हणणे आहे, की पैशांसाठी एकट्याने जायचे असेल तर जाऊच नये. ऑफरवर सही करण्यापूर्वी आणखी काय पाहावे?

नेकारकाठचा ठाणेकर

तीन गोष्टी पाहा. जादा तासांचा मोबदला मासिक पगारातच समाविष्ट आहे, अशा अर्थाचे वाक्य करारात आहे का ते शोधा. असेल, तर 38 या आकड्यावर विसंबू नका आणि ते वाक्य काढून घ्या किंवा जादा तासांची बदली रजा लेखी मागा. वर्षाला तेरावा, म्हणजे बारा महिन्यांवर एक जादा, पगार आहे का ते विचारा. तुमचे वार्षिक 42,000 युरो होतात, आणि मनुष्यबळाची कमतरता असलेल्या व्यवसायांसाठी ब्लू कार्डची (परदेशी कुशल कर्मचाऱ्यांच्या निवास परवान्याची) किमान वार्षिक पगाराची मर्यादा 2025 मध्येच 43,759.80 युरो होती व ती दरवर्षी वाढते, त्यामुळे कोणत्या व्हिसावर जाणार हे कंपनीकडूनच लेखी घ्या. परिवीक्षा (प्रोबेशन) सहा महिन्यांपर्यंतची असते आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. तेवढा काळ पत्नीने शाळेतील नोकरी सोडू नये आणि कासारवडवलीचे घर विकायला काढू नये. पुढच्या शालेय वर्षाच्या वेळी त्या दोघींनी यावे, असे माझे मत आहे.