सात मेचा फलक : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

मंगळवार, सकाळी ८.१२. ब-२०४ (ताई)
सचिव साहेब, काल रात्री आपण टाकलेला संघटनेच्या स्थापनादिनाच्या फलकाचा मसुदा मी तीनदा वाचला. वर सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सीमा सडक संघटनेचे ‘श्रमेण सर्वं साध्यम्’ हे ब्रीद आहे, खाली आपल्या सोसायटीतील, संघटनेत असलेल्या अकरा दिवंगतांची नावे आहेत आणि त्यांत माझ्या वडिलांचेही नाव आहे, याबद्दल आपले आभार मानते. परंतु १९९४च्या सप्टेंबरात लडाखात उपशीच्या पुढे मीरूच्या घळीत कडा कोसळला, तेव्हा त्याखाली बाबा एकटे नव्हते. त्यांच्याबरोबर झारखंडमधल्या दुमक्याचे चार रोजंदारी मजूर होते. त्या चौघांचा मसुद्यात एका अक्षरानेही उल्लेख नाही. असा फलक लागणार असेल तर बाबांचे नाव त्यावरून काढून टाकावे, अशी माझी विनंती आहे.

सकाळी ८.४०. अ-१०१ (सचिव)
ताई, आपल्या भावनांचा समितीला पूर्ण आदर आहे. फलक आपल्या इमारतीत लागणार असल्यामुळे आपल्या सभासदांच्या घरातील नावे घ्यावीत, एवढाच विचार समितीने केला होता. कोणाला वगळावे असा हेतू नव्हता. पाथरवटाला गुरुवारी संध्याकाळपर्यंत अंतिम मजकूर द्यायचा आहे, अन्यथा ७ मेपर्यंत काम होणार नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

सकाळी ८.४४. अ-४०२
फलकाचा खर्च सिंकिंग फंडातून करता येणार नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सचिवांनी खुलासा करावा.

सकाळी ९.०५. ड-१०५
मजकूर बदलणारच असेल तर आणखी एक दुरुस्ती सुचवतो. मसुद्यात लडाखातल्या खारदुंग ला खिंडीची उंची १८,३८० फूट लिहिली आहे. ती जुन्या पाटीवरची आहे. नंतरच्या मोजणीत ती सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरली. दगडावर कोरायचे आहे, तर बरोबर आकडा कोरावा.

सकाळी ९.११. अ-२०३ (ओव्हरसियर साहेब)
त्या पाटीखाली उभे राहून मी स्वतः फोटो काढला आहे आणि त्या खिंडीत दोन हंगाम बर्फ उपसला आहे. मोबाइलवर उंची पाहणाऱ्यांनी आम्हाला ती सांगू नये.

सकाळी ९.१८. ड-१०५
काका, आपण तिथे घाम गाळला याबद्दल मला आदरच आहे. मी फक्त आकड्याविषयी बोललो. आता तर लडाखातल्याच उमलिंग ला खिंडीचा रस्ता १९,०२४ फुटांवरून जातो, म्हणजे ‘सर्वांत उंच’ हे मसुद्यातले शब्दही बदलावे लागतील.

सकाळी ९.३०. ब-२०४ (ताई)
उंचीवर जितकी चर्चा झाली, तिच्या निम्मीही त्या चौघांवर झाली नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

सकाळी १०.०२. ब-३०१ (काकू)
ताई, तू मला मुलीसारखी आहेस, म्हणून राग मानू नकोस. माझे यजमान भूतानमध्ये संघटनेच्या दंतक प्रकल्पावर असताना वारले. आधी तार आली आणि महिन्याने त्यांची काळी लोखंडी ट्रंक आली. कुलपाची किल्ली आलीच नाही, ते आम्ही छिन्नीने तोडले. इतक्या वर्षांत त्यांचे नाव कुठल्याही दगडावर आले नाही. सीमेवर जवान पडला तर गावात चौक होतो, रस्त्यावर आपला माणूस पडला तर लोक विचारतात, “तुमचे मिस्टर ठेकेदाराकडे होते का?” सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्ये ग्रेफच्या, म्हणजे संघटनेच्या अभियंता दलाच्या माणसांना सशस्त्र दलांचे घटक मानले, ते शिस्तीच्या बाबतीत. माजी सैनिकाच्या सवलतींसाठी आपण अजून अर्जच करतो आहोत. आता कुठे एक फलक होतो आहे, त्यावर पन्नास नावे आली तर माझ्या माणसाचे नाव कोण वाचणार, असे मला वाटले. वाटले ते लिहिले.

सकाळी १०.२५. ब-२०४ (ताई)
काकू, तुमच्यावर राग धरण्याचा मला अधिकारच नाही. तुमची ती ट्रंक मी लहानपणापासून पाहते आहे. आमच्याकडेही तशीच ट्रंक आली होती. पण बाबा स्वतः आले, लेहहून विमानाने. आईने त्यांचा चेहरा पाहिला, आळंदीला सगळे विधी झाले, नंतर पेन्शनही सुरू झाली. त्या चौघांना तिथेच सिंधूच्या काठी अग्नी दिला. त्यांच्या घरी बातमी पोहोचायला दिवाळी उजाडली, असे पुढे कळले.

हे काही एकट्या आमच्या अपघाताचे नाही. संघटनेच्या रोजंदारी मजुराचे पार्थिव सरकारी खर्चाने घरी पाठवण्याला मंजुरी मिळाली ती जुलै २०२३मध्ये. कामावर मृत्यू येऊन तिथेच अंत्यविधी करावा लागला तर त्यासाठी तोपर्यंत १,००० रुपये मिळत. त्याच वेळी ते १०,००० झाले. दहा लाखांच्या विम्याची योजना जानेवारी २०२४मध्ये मंजूर झाली. संघटना उभी राहिली ७ मे १९६० रोजी. मधली वर्षे मोजा आणि त्या वर्षांत किती घरांत बातमीशिवाय काहीच पोहोचले नसेल, याचा विचार करा.

सकाळी १०.३१. अ-४०२
विषय भावनिक आहे हे मान्य आहे, तरीही फलकाचा खर्च सिंकिंग फंडातून करता येणार नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते.

सकाळी १०.५०. अ-२०३ (ओव्हरसियर साहेब)
मजुरांबद्दल कोणाच्याच मनात दुजाभाव नाही. अडचण व्यवहाराची आहे. मजूर मे महिन्यात खिंडी उघडल्या की येत आणि ऑक्टोबरात परतत. पुढच्या वर्षी तेच येतील याची खात्री नसे. मेट, म्हणजे मजुरांचा मुकादम, टोळी आणी, हजेरी त्याच्या नावावर लागे. एका नावाचे तिघेतिघे असत. आज तीस वर्षांनी दगडावर चुकीचे नाव कोरले गेले तर तोही अपमानच होईल. म्हणून ‘आणि असंख्य अनामिक श्रमिक’ अशी एक ओळ खाली घालावी, असे मी सुचवतो.

सकाळी १०.५८. ब-२०४ (ताई)
साहेब, ते अनामिक नव्हते. त्यांची नावे बाबांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहेत.

ट्रंकेत एक खिशात मावणारी वही आहे. टोळीतल्या कोणी पगाराआधी उचल घेतली की बाबा त्या वहीत नाव, बापाचे नाव, गाव आणि रक्कम लिहीत आणि पुढे अंगठा घेत. जिल्हा दुमका, राज्य बिहार असे लिहिले आहे, कारण झारखंड तेव्हा झालेच नव्हते. निळ्या शाईचे ते अंगठे आजही इतके स्पष्ट आहेत की काहींमधली भेग दिसते. खडी फोडून फुटलेली बोटे तशीच उमटली आहेत. आईने खुणा करून ठेवल्यामुळे चौघांपैकी तिघांची नावे मला ठाऊक आहेत. ती या ग्रुपवर टाकत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय टाकणे मला योग्य वाटत नाही. चौथे नाव सापडत नाही. वहीची शेवटची दोन पाने डांबराने एकमेकांना चिकटली आहेत आणि ती ओढून काढायचा धीर आजवर आम्हाला झाला नाही.

दुपारी १२.२०. क-३०३ (डोझरवाले काका)
मी सकाळपासून वाचतो आहे. मला लवकर टाइप करता येत नाही म्हणून नातवाला सांगून लिहून घेतो आहे.

ताई, त्या दिवशी मलबा हटवायला जो डोझर आला, तो मी चालवत होतो. हे मी तुझ्या आईला कधी सांगितले नाही, तुलाही नाही. आम्ही करू गावाहून निघालो तेव्हा उजाडलेही नव्हते. त्या उंचीवर हवा विरळ, इंजिनाला दम नसतो. जो दगड इथे एका धक्क्यात जातो, त्याला तिथे तीन धक्के लागतात. दुपारपर्यंत मी वरवरचा ढीग नदीकडे लोटला. मग मेटने हात वर केला आणि मी मशीन बंद केले. पाते आणखी पुढे घातले असते तर माणसांना लागले असते. त्यापुढे त्या टोळीतल्या उरलेल्यांनी हातांनी उपसले. फावडेही वापरले नाही. तुझ्या बाबांना बाहेर काढणारे तेच होते, आणि त्यांचे स्वतःचे चौघे तोवर आतच होते. त्यांनी साहेबांना आधी काढले. कोणी तसा हुकूम दिला नव्हता.

चौथा मला आठवतो. कंप्रेसरवरचा पोरगा. जॅक हॅमर धरायचा, अंगापिंडाने लहान, दिवसभर हॅमरबरोबर आख्खा थरथरायचा आणि संध्याकाळी त्याच्या हातातला चहा हिंदकळायचा. नाव आम्ही कधी विचारले नाही. सगळे ‘कंप्रेसर’ म्हणूनच हाक मारायचे. त्याची आता मला लाज वाटते.

दुपारी १२.४५. ब-२०४ (ताई)
काका, मी संध्याकाळी तुमच्याकडे येते. हे फोनवर बोलण्यासारखे नाही.

दुपारी १.१०. ड-१०५
काकांचे वाचल्यानंतर उंचीचा मुद्दा मी मागे घेतो, तो नंतरही सुधारता येईल. एवढेच सांगतो की, हे सगळे जुने झाले असे समजू नये. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळ माणा येथे संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झाले, त्यात ५४ कामगार अडकले आणि आठ जण गेले. जून २०२०मध्ये कोरोनाची साथ चालू होती, तेव्हा दुमक्याहून संघटनेच्या कामावर जाणाऱ्या मजुरांसाठी खास रेल्वेगाडी सुटली होती. तेच जिल्हे, तेच काम. बहुतेक त्याच घरांतली पुढची पिढी.

दुपारी १.१५. अ-४०२
पुन्हा विचारतो. फलकाचा खर्च सिंकिंग फंडातून होणार आहे का? होय किंवा नाही, एवढेच उत्तर द्यावे.

दुपारी १.२२. अ-१०१ (सचिव)
नाही. फलकाचा खर्च वर्गणीतून होईल आणि ज्यांना द्यायची नसेल त्यांनी देऊ नये. हा प्रश्न आता कृपया पुन्हा विचारू नये.

दुपारी १.२४. अ-४०२
एवढेच उत्तर सकाळी मिळाले असते तर मला तीनदा लिहावे लागले नसते. माझे वडील संघटनेच्या वर्तक प्रकल्पावर होते, अरुणाचलातल्या सेला खिंडीच्या रस्त्यावर. वर्गणी मी आजच पाठवतो. हिशेब स्वच्छ असावा इतकेच माझे म्हणणे होते, आणि ते मला विरोधक ठरवण्याआधी कोणी समजून घेतले नाही.

दुपारी १.४०. क-३०३ (डोझरवाले काका)
ताई, वहीचे सांगतो. रॉकेल लावू नको, डांबर सुटेल पण शाईही जाईल. गरम तर अजिबात करू नको, पसरेल. थंडीत डांबर ठिसूळ होते. लडाखात पहाटे पिंप हातोडीने फोडावे लागे, तेव्हा काचेसारखे तुकडे उडत. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेव. सकाळी पाने हलकेच वाकव, ओढू नको. आपोआप सुटतील.

दुपारी २.०५. ब-३०१ (काकू)
ताईच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा धड बंद होत नाही, मला माहीत आहे. माझ्याकडे मोदकांच्या ऑर्डरींसाठी घेतलेला मोठा डीप फ्रीझर आहे. वही इकडे आण. एक कप्पा रिकामा करून ठेवते.

आणि सचिव साहेब, फलकावर नावे हुद्द्यांच्या क्रमाने लावू नका. जे एका जागी गेले, त्यांची एका जागी लावा. माझ्या यजमानांबरोबर कोण गेले होते, हे मी आज पहिल्यांदा स्वतःला विचारले. ट्रंकेतली पत्रे आज रात्री वाचून पाहते.

रात्री ९.३०. अ-१०१ (सचिव)
पाथरवटाशी बोललो. दगड दोन फूट बाय तीन फूट आहे. अक्षरांचा आकार अर्धा सूत कमी केला तर आणखी दहा ओळी बसतात. घरच्यांची परवानगी येईपर्यंत त्या ओळी कोऱ्या ठेवता येतील आणि नंतर जागेवर येऊन कोरून देण्याचे त्याने मान्य केले आहे. ओव्हरसियर साहेबांची हरकत असल्यास त्यांनी कळवावे.

रात्री ९.४८. अ-२०३ (ओव्हरसियर साहेब)
हरकत नाही. ‘अनामिक’ हा शब्द मी मागे घेतो. मात्र नावे पडताळून घ्यावीत, या मुद्द्यावर मी ठाम आहे. त्या मेटचा मुलगा आता दुमक्यातून टोळ्या पाठवतो, त्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे. उद्या सकाळी मी स्वतः त्याच्याशी बोलतो. संथाळी नावे आपण आपल्या कानाने लिहितो आणि चुकतो. उच्चार त्याच्याकडूनच घेतलेला बरा.

बुधवार, सकाळी ७.२०. ब-२०४ (ताई)
पाने सुटली. काकू आणि मी दोघींनी मिळून वाकवली. डांबराचा एक पापुद्रा टणकन तुटून ओट्यावर पडला, कागद फाटला नाही. शेवटच्या पानावर एकच नोंद आहे. नाव, बापाचे नाव, गाव. त्यापुढे बाबांच्या अक्षरात कंसात ‘कंप्रेसर’ लिहिले आहे, म्हणजे त्याला नावही होते आणि बाबांनी ते विचारलेही होते. उचल ६० रुपये, लोकरी बनियनसाठी. तारीख अपघाताच्या आठ दिवस आधीची आहे. अंगठा थोडा फिसकटलेला आहे.

सकाळी ७.२६. क-३०३ (डोझरवाले काका)
हात थरथरायचा ना त्याचा. तोच आहे. ओव्हरसियर साहेब, मेटच्या मुलाला फोन लावाल तेव्हा मला बोलवा. डोझरवाला आहे म्हणून सांगा, त्याचा बाप मला ओळखत होता.