मदत हवी आहे : सावंतवाडीचा राजवाडा, लेक आणि सासूबाई

दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाताना सावंतवाडीला थांबायचं ठरतंय. राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) रंगवणारे कारागीर काम करतात आणि तिथेच विक्रीही होते. मुलांना ते जवळून बघू देतात का? आमची लेक सहा वर्षांची, हात लावल्याशिवाय तिला काही दिसतच नाही!

दशावतारी गंजिफाचा पूर्ण संच १२० पानांचा, तोही हाताने रंगवलेला, म्हणजे खिशाला जड. सुटी गोल पानं किंवा छोट्या वस्तू मिळतात का? लाकडी फळं मात्र चितारआळीतूनच (तिथल्या लाकडी खेळण्यांच्या बाजारातून) घेईन म्हणते, की राजवाड्यातली सरस?

सासूबाईंना जिने जमत नाहीत. त्यांना मोती तलावाकाठी बसवावं का? राजवाडा रविवारी उघडा असतो ना? नुकतंच जाऊन आलेल्यांनी सांगा, प्लीज.