आधी चढा, मग पोहा

सरोवराकाठी फिरायला गेल्यावर आधी पोहायचं की आधी ट्रेल, म्हणजे टेकडीवरची पायवाट, असा प्रश्न पडतो. इंडियाना ड्यून्सला, म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर, जाणार असाल तर डोळे झाकून आधी ट्रेल. दुपारी वाळू अशी तापते की चप्पल काढवत नाही, आणि चढताना प्रत्येक पाऊल निम्मं मागे घसरतं. तिथल्या वेस्ट बीच या भागात लाकडी जिने आहेत, तेवढाच दिलासा.

मिशिगन सरोवराचं पाणी गोडं, डोळे चुरचुरत नाहीत. पण म्हणून त्याला तळं समजू नका. उत्तरेचा वारा सुटला की चांगल्या लाटा उठतात. धक्क्याच्या भिंतीलगत तर जाऊच नका, तिथला प्रवाह आत ओढतो. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे झुंजत दम घालवू नका. पाठीवर तरंगा, श्वास सावरा, मग प्रवाहाला आडवं पोहत बाहेर पडा. मुलांना हे आदल्या दिवशीच सांगा, पाणी दिसल्यावर कोण ऐकतंय!