इंग्रजी लिहायला शिकायचंय: डिक्शनरी कोणती, ग्रामरचं पुस्तक कोणतं?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. वय ४३, शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण ईमेल लिहायची वेळ आली की हात थांबतो. मागच्या आठवड्यात एका ईमेलमध्ये लिहिलं, 'ही सजेस्टेड मी टू चेंज द डेट.' साहेबांनी काही न बोलता ते खोडून, दुरुस्त करून पुढे पाठवलं. घरी येऊन इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'सजेस्ट' काढला. अर्थ दिलाय 'सुचवणे'. अहो, ते मलाही माहीत होतं! मग चुकलं कुठे?

ग्रामरसाठी वडिलांचं रेन अँड मार्टिन कपाटात आहे. दोनदा उघडलं, दोन्ही वेळा पार्सिंगपाशी, म्हणजे वाक्यातल्या शब्दांच्या व्याकरणिक फोडीपाशी, गाडी अडली. एकच डिक्शनरी आणि एकच व्याकरणाचं पुस्तक घ्यायचं तर काय घेऊ? अ‍ॅप सुचवू नका. मोबाइल हातात आला की मी भलतीकडेच भरकटतो.

खोडरबर
भाषांतर आणि मुद्रितशोधन हाच माझा धंदा, त्यामुळे राहवत नाही. तुमचा शब्दकोश वाचणाऱ्याच्या कामाचा आहे, तो टाकू नका. पण लिहिताना त्या शब्दापुढे काय येतं तेही कळायला हवं, आणि ते लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोशात, सापडतं.

ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स घ्या आणि त्यात 'सजेस्ट' काढा. 'सजेस्ट दॅट', 'सजेस्ट डूइंग समथिंग', 'सजेस्ट समथिंग टू समबडी' अशा रचना उदाहरणांसकट दिसतील. 'सजेस्ट समबडी टू' मात्र दिसणार नाही. आपण 'मला जायला सांगितलं' म्हणतो तसंच 'मला जायला सुचवलं' म्हणतो, आणि 'टोल्ड मी टू' चालतं तर हेही चालेल असं गृहीत धरतो. तुमचं वाक्य 'ही सजेस्टेड चेंजिंग द डेट' असं हवं होतं.

या कोशाचा जन्मच अशा अडचणीतून झालाय. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. कोणत्या क्रियापदापुढे कोणती रचना येते हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर नोंदवत नेलं, आणि १९४२ मध्ये तो कोश आधी टोकियोत छापला गेला.

नामांपुढची 'सी' आणि 'यू' ही बारीक अक्षरंही बघत जा. 'सी' म्हणजे मोजता येणारं नाम, 'यू' म्हणजे मोजता न येणारं, त्याचं अनेकवचन होत नाही. 'इन्फर्मेशन्स' आणि 'अ‍ॅडव्हायसेस' खोडून खोडून माझी अर्धी लाल शाई संपते.

पानपलट्या
ऑक्सफर्ड जड वाटला तर लाँगमन कंटेम्पररी बघा. त्यातल्या व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांत बसवलेल्या आहेत, त्यामुळे एका शब्दासाठी आणखी चार शोधत बसावं लागत नाही. कोबिल्ड नावाच्या आणखी एका कोशात अर्थ पूर्ण वाक्यात सांगितलेला असतो. मला तो आवडतो, पण घाईत असताना ती वाक्यं वाचायचा कंटाळा येतो.

लालपेन
ग्रामरसाठी डोळे झाकून रेमंड मर्फी, 'इंग्लिश ग्रामर इन यूज'. डाव्या पानावर समजावलेलं, उजव्या पानावर सराव. लाल रंगाचं 'इसेन्शिअल' नवशिक्यांसाठी आहे, तुम्हाला निळंच लागेल. घेताना मुखपृष्ठावर 'विथ आन्सर्स' लिहिलंय ना ते बघा. मी न बघता उत्तरं नसलेली आवृत्ती आणली आणि महिनाभर आपलं बरोबर की चूक हेच न कळता पानं भरत बसलो!

आणि पहिल्या पाठापासून धोपटत जाऊ नका. मागे स्टडी गाइड नावाची चाचणी आहे. ती सोडवायची आणि जिथे चुकेल तेवढेच पाठ करायचे. मायकल स्वानचं व्याकरणाचं पुस्तक आत्ता नको. तो शंका आली की उघडायचा संदर्भग्रंथ आहे. रेन अँड मार्टिन वाईट नाही हो, पण ते १९३० च्या दशकातलं, शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक.

अर्धविराम
सर्वांचे आभार. ऑक्सफर्ड आणि निळा मर्फी, ठरलं. आज ऑफिसातल्या एकीच्या टेबलावर ऑक्सफर्ड दिसला, तो मागून घेतला. 'सजेस्ट' झाल्यावर सहज 'डिस्कस' काढला. तिथे चक्क चौकटीत ताकीद: 'डिस्कस अबाउट' म्हणू नका. त्याच ईमेलच्या पुढच्या ओळीत मी 'वुई विल डिस्कस अबाउट इट' लिहिलं होतं. आता जाऊन बघितलं, साहेबांनी तिथलाही 'अबाउट' उडवलाय. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.