दुसऱ्यांदा टेबलावर, म्हणजे पहिला डॉक्टर गाढव?

रामबागवाला:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "कमरेचं दुसरं ऑपरेशन लागलं म्हणजे पहिल्याने वाट लावली, केस ठोका." खाली अंगठ्यांचा पाऊस! अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या नोंदींवरचा अभ्यास २००७ साली छापून आलाय. मणक्याच्या झिजेसाठी कमरेचं ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण १९ टक्के लोकांचं ११ वर्षांत पुन्हा ऑपरेशन झालं. पाचातला एक. एवढे सगळे सर्जन गाढव? ऑपरेशनने दबलेली नस मोकळी होते, झीज थांबत नाही. एल-४, एल-५, म्हणजे कमरेचे खालचे दोन मणके, स्क्रूने जखडले की वाकण्याचा ताण शेजारच्या मणक्यावर जातो आणि पुढे तो कुरकुरायला लागतो. शिवाय आपली मंडळी सिगरेट सोडणार नाहीत, हाड जुळणार नाही, आणि नावं डॉक्टरला.

सुदामानगरची काकू:
पाचातला एक, छान. ह्यांच्या ऑपरेशनची सही घेताना कुणी सांगितलं होतं हे? "काकू, महिन्याभरात इंदूरच्या सराफ्यात तळलेला गराडू खायला येतील," असं मात्र सांगितलं. दीड वर्षात पायात पुन्हा तीच कळ. दुसऱ्यांदा उघडलं तर आत नस जुन्या व्रणाला चिकटलेली. सोडवताना नसांभोवतीचं आवरण फाटलं, आतलं पाणी झिरपायला लागलं, हे कित्येक दिवस आडवे. उशीसुद्धा घेऊ देत नव्हते. गाढव म्हणत नाही मी, मुका होता.

ओक_तिलकनगर:
मूळ चूक इंदुरात करून घेण्याची. मणका, मेंदू, हृदय म्हटलं की सरळ पुणे गाठावं.

भिया_राजवाडा:
आलेच पुणेवाले! अहो, माझ्या मेव्हण्याचं पुण्यातच झालं. टाके निघाले तसा रात्रीच्या बसने निघाला. सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात प्रत्येक वळणाला ओरडत होता, शेवटी क्लीनरने चादरीची वळकटी करून कमरेखाली दिली. दोन वर्षांनी त्याचंही दुसरं झालंच, आणि ते इंदुरात. आज स्कूटर चालवतो.

ओक_तिलकनगर:
बस ही डॉक्टरची चूक का? रेल्वे आहे की.

भिया_राजवाडा:
आयत्या वेळी रिझर्वेशन तुम्ही काढून देणार? तपासणीला दर वेळी रजा, लॉज, रिक्षा. आमच्या इंदुरात सर्जन नाहीत का? तुमच्या पिढीला पुण्याचं पाणी प्यायल्याशिवाय दुखणंसुद्धा खरं वाटत नाही.

ओक_तिलकनगर:
पिढीवर येऊ नका. तुमचे वडील मला अरे-तुरे करायचे.

एल५_त्रस्त:
भांडा सावकाश, पण २०१६चं कुणी वाचलंय का? न्यू इंग्लंड जर्नल या अमेरिकेतल्या वैद्यकीय मासिकाच्या एकाच अंकात दोन चाचण्या. स्वीडनवाले म्हणतात, नस मोकळी करताना जोडीला स्क्रू घालून काही फायदा नाही. पुन्हा ऑपरेशन दोन्हीकडे साधारण २१-२२ टक्के. अमेरिकावाल्यांकडे मणका सरकलेल्यांत नुसती नस मोकळी केलेल्यांपैकी ३४ टक्क्यांचं पुन्हा झालं, स्क्रूवाल्यांत १४. त्यांचंच एकमत नाही आणि आमचा डॉक्टर म्हणतो, "स्क्रू टाकू, कटकट मिटेल." स्क्रूचं बिल पाहिलं तेव्हा कटकट कुणाची मिटली ते कळलं.

रामबागवाला:
बिलाचं वेगळं भांडण आहे. आणि काकू, डॉक्टरने पाचातला एक सांगितलं असतं, तर सही केली नसती तुम्ही?

सुदामानगरची काकू:
केली असती. पाय उचलता येत नव्हता त्यांना. पण मग दुसऱ्या वेळी घरात रडारड झाली नसती, आणि सासूबाईंनी "कुठला भोंदू शोधलास" म्हणून मला ऐकवलं नसतं.

रामबागवाला:
बरं बाई, आकडा आधी सांगायला हवा, दिलं तुम्हाला. मी सर्जन नाही, पण जगातल्या सगळ्या सर्जनांच्या वतीने दिलं. केस ठोका मात्र मी म्हणणार नाही.

सुदामानगरची काकू:
मी कुठे म्हटलं होतं? वाचत जा.

ओक_तिलकनगर:
भिया, गुरुवारी मलाच पुण्याला दाखवायला जायचंय. रेल्वे फुल्ल आहे. त्या बसमध्ये खालची बर्थ मिळते का?

भिया_राजवाडा:
मिळते. मागच्या चाकावरची घेऊ नका. चादर घरून न्या.