हार्पी गरुड बघायला पनामा की ब्राझील? मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या फेब्रुवारीत मी आणि बायको हार्पी गरुडासाठी निघतोय. (आईचा प्रश्न: "गरुडासाठी इतक्या लांब?" आता काय सांगणार!) पनामाचा तो राष्ट्रीय पक्षी, म्हणून आधी तिथलं दारिएनचं जंगल ठरवलं होतं. पण एक मित्र म्हणतो, ब्राझीलमध्ये आल्ता फ्लोरेस्ताला जा. कोणी गेलंय का?

खरी अडचण घरट्याची. जोडी दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू वाढवते, त्यामुळे गेल्या वर्षीचं घरटं यंदा रिकामं असू शकतं. चालू घरट्याची खात्री करून देणारा गाइड कसा शोधायचा? आणि पिलाला त्रास होईल इतकं जवळ नेणारा नको.

दुसरं, तिकडचाच दुसरा गरुड क्रेस्टेड ईगल, त्याचं पिल्लू आणि हार्पीचं पिल्लू ओळखताना मी फोटोत दर वेळी चुकतो. मोठ्या हार्पीचा दुभंगलेला तुरा आणि छातीवरचा काळा पट्टा कळतो, पिलांचं काय?

पीतज्वराची लस घेणारच आहोत, नाहीतर परतताना इथे क्वारंटाइन.

घरटं बऱ्याचदा पांढऱ्या सावरीवर असतं म्हणे. तीच आपल्याकडची, कापूसवाली! ४०० एमएमची लेन्स पुरेल का?